रिंगणातली अडाणी बाई

आरोग्यावरच्या पथनाट्यात एक पात्र ठरलेलं असतं: अडाणी बाई. ती पाणी उघडं ठेवते, लेकरू आजारी पडतं, मग कुणी शिकलेला येऊन तिला समजावतो. लुगडं नेसलेला मुलगा अडखळला की हशा, टाळ्या, फोटो. अहवालाचं एक पान भरतं. आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन डेंग्यूवर बसवलेलं पहिलं नाटकही असंच होतं, हे आधीच कबूल करते.

प्रयोग छत्रपती संभाजीनगरात, शहागंजात होता. डफ वाजला तशा बाजाराला आलेल्या बायका कडेला थांबल्या. "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा," असं आमची मुलगी ठेक्यात सांगत होती. एक खाला पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "बेटी, ये पानी फेंक दूँ तो पिऊँ क्या? नल कब आता, वो बोल पहले."

मुलगी गप्प. संहितेत याचं उत्तर नव्हतं.

शास्त्र बरोबरच आहे. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला भांडी कोरडी करायची. पण जायकवाडी धरण जिल्ह्यातच असूनही या शहराने नळाची आठ-आठ दिवस वाट पाहिली आहे. 2020 साली 1680 कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, 2022 साली पाण्यासाठी मोर्चा निघाला. अशा शहरात ड्रम भरून ठेवणारी बाई संसार सांभाळत असते. तिला अडाणी ठरवणारे आम्ही!

स्त्री मुक्ती संघटनेने 1983 साली ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगभूमीवर आणलं, तेव्हा गावोगावच्या बायकांना त्यात आपलं जगणं दिसलं. ते आपण विसरलो की काय?

मग आधी तालीम थांबवली. मुलं-मुली वह्या घेऊन गल्ल्यांत गेली. नळ कोणत्या दिवशी येतो, किती वाजता, पाणी भरायला कोण उठतं? हा शेवटचा प्रश्न मुलग्यांना स्वतःच्या घराबद्दल विचारला, तर दोघा-तिघांना आठवावं लागलं.

"आरोग्याच्या कार्यक्रमात राजकारण कशाला?" असं एका प्राध्यापकांनी विचारलंच. नळाचा वार कोण ठरवतं, हे विद्यार्थ्याला कळणार नसेल तर त्याने आरोग्याचं शिकायचं तरी काय? डासाचं चित्र काढायला?

ड्रमला घट्ट झाकण लावा, कापड बांधा, ताप अंगावर काढू नका, हे नव्या नाटकातही आहे. शहाणा पोरगा मात्र काढला. मधोमध कोरडा नळ, आणि मुलगी गर्दीलाच विचारते, "जाब कुणाला विचारायचा?" लोक सांगतील तसा माहितीच्या अधिकाराचा अर्ज तिथेच रिंगणात लिहिला जातो. यात नाटक थोडं रेंगाळतं. रेंगाळू दे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटांनी असे प्रयोग केले असतील तर जरूर कळवा. संहिता नंतर पाठवा, प्रेक्षकांतल्या बायकांनी काय विचारलं ते आधी लिहा.