युद्धकाळांतील पुढारी : कसोटी कोणती?

इतिहासाच्या तासाला आम्ही लढायांचीं सालें पाठ करतों, सेनापतींचीं नांवें पाठ करतों, आणि जो जिंकला तो थोर असा निकाल मनाशीं देऊन मोकळे होतों. हा निकाल उतावळेपणाचा आहे, असें आम्हांस वाटतें. युद्ध जिंकणें ही एक गोष्ट आणि प्रजेची सेवा करणें ही दुसरी. पुढारी खरोखर लोकांचा सेवक होता कीं नाहीं, हें पाहावयाचें असेल तर रणांगणाइतकेंच प्रजेच्या स्वयंपाकघरांतहि डोकावलें पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धांतील जर्मनीचें उदाहरण प्रथम घेऊं. हिटलर सदैव राष्ट्राच्या नांवानें बोलत असे. परंतु पराभव समोर दिसूं लागतांच, १९ मार्च १९४५ रोजीं, त्यानें आपल्याच देशांतील कारखाने व दळणवळणाचीं साधनें नष्ट करण्याचा हुकूम सोडला. लोक पुढें कशावर जगतील, याची त्यास पर्वा नव्हती. राष्ट्र आपल्यासाठीं आहे, आपण राष्ट्रासाठीं नव्हे, ही त्याची खरी समजूत त्या एका हुकुमानें उघडी पडली.

ब्रिटनचे मुख्य प्रधान चर्चिल यांनीं १३ मे १९४० रोजीं पार्लमेंटांत लोकांस खोटा धीर दिला नाहीं. पुढील दिवस कष्टाचे व दुःखाचे आहेत, असें स्पष्ट सांगितलें. त्या वर्षाच्या जानेवारीपासूनच तेथें लोणी व साखर मोजून मिळत होती, आणि राजघराण्यासहि शिधापत्रिकेचा नियम लागू होता. सप्टेंबरांत राजवाड्यावर बाँब पडले, तरी राजाराणी देश सोडून गेलीं नाहींत. जुलई १९४५ मध्यें मतदारांनीं चर्चिल यांच्या पक्षास नाकारलें, तेव्हां त्यांनीं अधिकार मुकाट्यानें खालीं ठेवला.

येथवर वाचून कोणी म्हणेल, आदर्श असावा तर असा! पण याच मंत्रिमंडळाच्या सत्तेखालीं १९४३ सालीं बंगाल उपाशी मरत होता. जपाननें ब्रह्मदेश घेतल्यामुळें तेथील तांदूळ बंद झाला होता. शत्रूच्या हातीं पडूं नयेत म्हणून किनाऱ्याकडील होड्या सरकारनें काढून घेतल्या होत्या. भाव भडकले होते. हिंदुस्थानांतून धान्याची मागणी वारंवार झाली, परंतु लंडनहून पुरेशीं जहाजें मिळालीं नाहींत. सरकारी चौकशी मंडळानें मृतांचा आंकडा सुमारें १५ लक्ष धरला. पुढील अभ्यासक तो ३० लक्षांपर्यंत नेतात. प्रांतिक सरकार व साठेबाज व्यापारी यांच्याहि माथीं दोष येतो. तथापि लंडनच्या मुलाचा पाव आणि बंगालच्या मुलाचा भात एकाच तराजूंत तोलला गेला नाहीं, हें नाकारतां येत नाहीं.

म्हणून पुढाऱ्याविषयीं आम्ही तीन प्रश्न विचारूं. तो लोकांस सत्य सांगतो काय? जें ओझें इतरांवर लादतो, तें स्वतः उचलतो काय? आणि ज्याचा आवाज त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं, त्याचीहि तो काळजी वाहतो काय? पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण झालेला पुष्कळदां तिसऱ्यांत नापास होतो. आणि आमच्या मतें तिसराच सर्वांत कठीण आहे.

स्वतंत्र भारतांत १९६५ सालीं पाकिस्तानशीं युद्ध झालें, तेव्हां धान्याची टंचाई होती. पंतप्रधान लाल बहादुर शास्त्री यांनीं लोकांस आठवड्यांतून एक वेळचें जेवण सोडण्याची विनंती केली. आणि तत्पूर्वीं हा उपास स्वतःच्या घरीं पाळून पाहिला, असें सांगतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असें त्यांच्याविषयीं कोणास म्हणतां आलें नाहीं.

युद्धकाळीं पुढाऱ्यास प्रश्न विचारूं नयेत, आज्ञा पाळावी, असें कांहीं म्हणतात. संकटांत शिस्त हवी, हें आम्हांस मान्य आहे. परंतु शिस्त म्हणजे डोळे मिटणें नव्हे. बंगालची हकीकत कलकत्त्याच्या एका इंग्रजी दैनिकानें ऑगस्ट १९४३ मध्यें छायाचित्रांसह छापली, म्हणूनच जगाचें लक्ष तिकडे वळलें.

पुढारी आकाशांतून पडत नाहींत. तेहि एके काळीं शाळेच्या बांकावरच बसलेले असतात. सहलीच्या दिवशीं खाऊ वाटणारा मुलगा आपला वांटा आधीं काढतो कीं शेवटीं, आणि मागें कोपऱ्यांत उभ्या असलेल्या लहानग्यास विसरतो काय, हें शिक्षकांनीं व पालकांनीं अवश्य पाहावें. त्या मुलाची परीक्षा तेथेंच सुरू झालेली असते.