बोटावर उजेड, अंगातली दारू

कांद्याचा ट्रक रात्री गाव सोडतो आणि पहाटे तुर्भ्याच्या बाजार आवारात लागतो. मालाबरोबर घरचा एखादा माणूस ड्रायव्हरशेजारी बसलेला असतो. अशाच एका घरातल्या भगिनीने विचारले आहे, "ड्रायव्हर पिऊन आला आहे का, हे सुई न टोचता, रक्त न काढता कळते का? वास तर तो बडीशेप खाऊन मारतो."

कळते, आणि त्या कामी उजेड उपयोगी पडतो.

ही कल्पना तशी जुनी आहे. १९५४ साली अमेरिकेतील पोलीस अधिकारी रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी फुंकून तपासण्याचे यंत्र बनवले. त्यात पोटॅशियम डायक्रोमेटचे पिवळे द्रावण असे. श्वासातल्या मद्यार्काने तो पिवळा रंग उतरे, आणि किती उतरला हे दिव्याच्या उजेडाने मोजले जाई.

पुढे अवरक्त किरण आले. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पण चुलीपुढे बसल्यावर लागणारी धग त्यांचीच. प्रत्येक पदार्थ यातले आपापले ठराविक किरण शोषून घेतो. मोठ्या डेअऱ्यांच्या प्रयोगशाळांत दुधातली फॅट याच युक्तीने मोजतात. तसेच सौम्य किरण बोटावर टाकले, की ते कातडीत थोडे शिरून परत फिरतात. परतताना कोणते किरण किती कमी झाले, यावरून अंगात मद्यार्क किती ते यंत्र सांगते. टोचणे नाही, फुंकणेही नाही.

अमेरिकेत २००८ पासून सरकार व मोटार कंपन्या मिळून हे यंत्र गाडीतच बसवण्याच्या खटपटीत आहेत. चालू करण्याच्या बटणावर बोट ठेवले की मोजणी व्हावी, आणि प्रमाण जास्त असेल तर गाडी हलूच नये, असा बेत आहे. काम मात्र नाजूक. कातडीत पाणी भरपूर आणि मद्यार्क अगदी कणभर. तो कण नेमका ओळखायचा असतो. त्यामुळे आपल्याकडे रस्त्यावरचे पोलीस फुंकायचेच यंत्र वापरतात.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असला की गुन्हा होतो. पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता भगिनींनी ध्यानात ठेवायची गोष्ट. बडीशेपेने वास दबतो, मद्यार्क जात नाही. थंड पाण्याची आंघोळ, कडक चहा, लिंबू यांनीही तो उतरत नाही. शरीर त्याला आपल्या चालीनेच संपवते, तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या हिशेबाने. रात्री दहाला प्रमाण ९० असेल, तर ३० वर यायला दोन वाजतात आणि पुरते उतरायला पहाटेचे चार. म्हणजे "संध्याकाळीच घेतली होती, आता काही नाही," असे म्हणणारा माणूस कसारा किंवा माळशेज घाट त्याच अमलात उतरत असतो.

बोटाचे यंत्र आपल्या ट्रकमध्ये येईल तेव्हा येवो. तोवर गाडी भरण्याआधी ड्रायव्हरशी चार शब्द बोला. संशय आला तर भीड न धरता दुसरा ड्रायव्हर मागा, नाहीतर गाडी सकाळपर्यंत थांबवा. माल उशिरा पोचला तर भाव थोडा कमी मिळेल, पण आपला माणूस घरी परत येईल.