‘कडक भावा’ म्हणणाऱ्यांच्या विरोधात

सुरुवात माझ्यापासून करतो. गुन्हा माझा आहे, म्हणून बोलायचा हक्कही माझा.

कोल्हारला आमच्या वस्तीत एक पोरगं आहे. सतरा वर्षांचं. प्रवरेच्या पुलाकडं तोंड करून बसायचं आणि मोबाईलवर बोटानं चित्रं काढायचं. रंगपेटीला पैसे नव्हते, ब्रशला नव्हते, जाड कागदाला नव्हते. मोबाईल होता, तोही भावाचा जुना, काच फुटलेला. त्यात त्यानं चित्रं काढायचं फुकटातलं ॲप घेतलं आणि बाबासाहेब काढले, सावित्रीमाई काढली, उसाची मोळी डोक्यावर घेतलेली स्वतःची आई काढली. गेल्या 14 एप्रिलच्या आधी त्यानं मला बाबासाहेबांचं चित्र पाठवलं. खाली लिहिलं, ‘दादा कसं झालंय? खरं सांग. जयंतीच्या बॅनरला द्यायचंय.’

मी गोदीत होतो. जेवणाची सुट्टी. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात मोबाईल. चित्र अंगठ्याएवढं दिसत होतं. ते मोठं करून बघायची तसदीसुद्धा मी घेतली नाही. लिहिलं, ‘एकच नंबर. कडक भावा. जयभीम.’ आणि भाकर खाल्ली.

जयंतीला गावी गेलो. नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला 10 बाय 15 फुटांचं बॅनर. चित्र उभं होतं, बॅनर आडवं, म्हणून कुणीतरी ते दोन्ही बाजूंनी ओढून बसवलेलं. बाबासाहेबांचा चेहरा पसरट झालेला. मोबाईलवर निळाशार दिसणारा कोट छापून जांभळा आलेला. डोळ्यांच्या जागी ठिपके. आणि वर मोठ्या अक्षरात ‘जय भिम’, पहिली वेलांटी. शिर्डीला जाणाऱ्या गाड्या थांबत होत्या, माणसं चहा पीत पीत वर बघत होती. चौकातली पोरं हसली. ते एक वेळ सोडा. आमच्याच वस्तीतली एक म्हातारी बॅनरसमोर हात जोडायला आली आणि हात अर्ध्यावर ठेवून म्हणाली, ‘हे आपले बाबासाहेब नव्हं रे.’

पोरानं ते ऐकलं. रात्री मिरवणूक संपल्यावर त्यानं बॅनर स्वतः उतरवलं. घडी घातली, घरावर पत्र्याखाली टाकलं. त्यानंतर त्यानं चित्राला बोट लावलं नाही.

हसणाऱ्यांना शिव्या देणं सोपं आहे. पण चेहरा ताणला जाणार, निळा जांभळा होणार, वेलांटी चुकलीय, हे त्याला आधी कोण सांगणार होतं? त्यानं मला विचारलं होतं. खरं सांग म्हणाला होता.

दोस्तांनो, आपल्या पोरांच्या चित्राला, कवितेला, गाण्याला आजवर दोन प्रकारचे परीक्षक भेटले. पहिला वर्गातला. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसायचं म्हणून मी चित्र काढलं होतं, एका मास्तरानं ते सगळ्या वर्गाला दाखवलं आणि म्हणाला, ‘ह्याच्या हातात ब्रश नको, खराटा द्या.’ वर्ग हसला. मी पुन्हा चित्र काढलं नाही, कवितेकडं वळलो, कारण कविता वहीत लपवता येते. दुसरा परीक्षक सभेतला, पांढरपेशा. तो हसत नाही. तो मान हलवतो आणि म्हणतो, ‘परिस्थितीच्या मानानं छान आहे हो.’ परिस्थितीच्या मानानं! म्हणजे माझ्या चित्रावर तो माझ्या जातीचं वजन टाकतो आणि मग तराजू माझ्याकडं झुकला म्हणून माझं अभिनंदन करतो.

ह्या दोघांना आपण ओळखून आहोत. त्यांच्याशी भांडलो, भांडू. पण तिसरा परीक्षक आपण आपल्या घरात तयार केलाय. तो म्हणतो, ‘कडक.’ तो म्हणतो, ‘नादखुळा.’ ‘आग लावलीस भावा.’ चांगल्याला तेच, वाइटाला तेच. पोरानं रात्र जागून काढलेल्या चित्राला तेच आणि दुसऱ्याचं उचलून त्यावर स्वतःचं नाव घातलेल्यालाही तेच. हा परीक्षक सगळ्यांत महाग पडतो, कारण पहिल्या दोघांवर आपण विश्वास ठेवत नाही आणि ह्याच्यावर ठेवतो.

आपण असं का करतो ते मला कळतं. पिढ्यान्‌ पिढ्या ज्यांच्या पाठीवर शाब्बासकीचा हात पडला नाही, ते एकमेकांच्या पाठीवर तो सारखा टाकत राहतात. चूक दाखवली की फितुरी वाटते. बाहेरचे टपलेलेच आहेत, आपण कशाला? असा तो विचार. पण ह्या मायेत आळसही आहे हे कबूल करू. ‘कडक’ लिहायला दोन सेकंद लागतात. चित्र बघायला दहा मिनिटं लागतात. आपल्याला दहा मिनिटं द्यायची नसतात.

गोदीत असलं चालत नाही. तिथं स्टीलची कॉइल उचलायची तर खालून खूण करणारा एक माणूस असतो. ‘हबेस’ म्हणाला की वर, ‘आरिया’ म्हणाला की खाली. नवीन पोरानं स्लिंग तिरकी बांधली तर जुना हमाल ‘कडक बांधलीस भावा’ म्हणत नाही. म्हणाला तर माल हवेत फिरेल आणि खाली उभ्या माणसाचा चेंदा होईल. तो थांबवतो. स्वतः वाकतो. ‘ही बाजू बरोबर घेतलीस, ही बघ, हिला मध्य सापडला नाही. सोड. परत बांध.’ माझा पहिला आठवडा असाच गेला. त्या हमालानं मला एकदाही शिवी दिली नाही आणि एकदाही खोटी शाबासकी दिली नाही. आज माझे दहाही बोटं शाबूत आहेत ती त्याच्यामुळं.

गोदीच्या गेटापासून चालत जाता येईल एवढ्यावर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे. 1857 साली निघालेलं. मी त्याच्या भिंतीबाहेरून जातो. आत पोरांना काय मिळतं? रंग मिळतात, समोर बसणारा माणूस मिळतो, मोठी झाडं मिळतात. पण सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शेजारी उभा राहून ‘खांदा खाली घे, सावली दुसऱ्या बाजूला टाक’ असं सांगणारा कुणीतरी मिळतो. शाळा म्हणतात ती हीच. रंग आता मोबाईलमध्ये आले, हजारो रंग, फुकट. सांगणारा माणूस मोबाईलमध्ये आला नाही. कोल्हारच्या पोराला तो मिळायचा तर तो तुमच्या-माझ्यातूनच मिळणार.

कुणी म्हणेल, आम्हाला चित्रातलं काय कळतं? न कळणाराही उपयोगी पडतो, फक्त त्यानं प्रामाणिक पाहिजे. नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ 1972 साली आलं. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. एवढा नाव कमावलेला नाटककार, पण त्यानं त्या कवितेतले शब्द आपल्याला कळत नाहीत हे लपवलं नाही. कवीला अर्थ विचारले, कवीबरोबर त्या वस्तीत हिंडून आला. आपल्या अडाणीपणाची यादी त्यानं कवीपुढं ठेवली. वाचणाऱ्यानं लिहिणाऱ्याला द्यायचा मान तो हाच. ‘हे मला कळलं नाही, सांग’ असं विचारलं की काढणाऱ्यालाही कळतं, आपलं कुठं पोचलं आणि कुठं अडकलं.

आपल्या घरातलंही बघा. गंगाधर पानतावण्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेहून ‘अस्मितादर्श’ वर्षानुवर्षं चालवलं, खेड्यापाड्यातल्या नव्या लिहिणाऱ्यांना जागा दिली, मेळावे भरवून समोरासमोर बसवलं. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे आमच्या शेजारच्या जिल्ह्यातले. ते अक्षरं शिकले ते मोठेपणी, मुंबईत. मोठ्या माणसाला बाराखडी शिकवताना कुणीतरी जवळ बसलं असणार, चुकलेला काना दाखवला असणार. त्याला कुणी नुसतं ‘कडक’ म्हणून सोडून दिलं असतं तर?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पोरानं चित्र दाखवलं की आधी ते मोठं करून बघा. मग जे जमलंय ते नेमकं सांगा. ‘छान’ नको. ‘आईच्या मानेची शीर तू काढलीस, त्यामुळं मोळीचं वजन कळतं’ असं सांगा. हे सांगितलं नाही तर पोरगं पुढच्या वेळी तीच शीर पुसून टाकेल, कारण ती चांगली होती हे त्याला माहीत नसतं. मग चुकलेलं सांगा. एका वेळी एक, फार तर दोन. दहा सांगितल्या तर तो मास्तर झाला. आणि चूक सांगितली की दुरुस्तीही सांगा, हाताला करता येईल अशी.

त्या पोराला मी काय सांगायला पाहिजे होतं ते आता सांगतो, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाला येईल. मोबाईलचा पडदा रंग दाखवतो तो लाल, हिरव्या, निळ्या उजेडानं. फ्लेक्सचं मशीन छापतं ते सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत उतरत नाही. सायन 100 आणि मॅजेंटाही 100 ठेवला की जांभळट येतं. मॅजेंटा बराच खाली ठेव, आणि आधी वीतभर तुकडा छापून उन्हात धरून बघ. चित्र बसवताना कोपऱ्याला धरून ओढ, बाजूला धरून नाही, चेहरा पसरणार नाही. बॅनर आडवं असेल तर चित्र एका बाजूला उभंच राहू दे, उरलेल्या जागेत अक्षरं घाल. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंस तर बारीक रेषा मरतात, डॉक्युमेंट म्हणून पाठव. उजेड कुठून येतो ते आधी ठरव, म्हणजे चष्म्याची सावली कुठं पडणार ते कळेल. आणि भीममधला ‘भी’ दीर्घ.

एवढंच होतं. जेवणाच्या सुट्टीत सांगून झालं असतं.

गेल्या महिन्यात कोल्हारला जाऊन मी हे सगळं त्याच्यापुढं मांडलं. पुलाजवळ बसलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा मॅजेंटाचं पुन्हा विचारलं. मग म्हणाला, ‘दादा, हे तुला तेव्हा माहीत होतं?’

मी म्हणालो, अर्धं माहीत होतं. वेलांटी माहीत होती. चेहरा ताणणार हे बघितलं असतं तर कळलं असतं. बाकीचं मी नंतर फ्लेक्सवाल्याकडं जाऊन विचारलं.

‘मग कडक का लिहिलंस?’

ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. अजून नाही. मी त्याला त्याच्या आईचं चित्र पुन्हा मागितलं. मानेची शीर चांगली आहे हे सांगितलं, पाय जमिनीला टेकलेले दिसत नाहीत हेही सांगितलं. तो काही बोलला नाही. मी मुंबईला परतलो, गोदीत माल उतरवतोय. त्याचं चित्र अजून आलेलं नाही. येईल तेव्हा मी भाकर खाली ठेवून बघणार आहे.

जयभीम.