ठिपका कशाला, वर्तुळ दाखवा

मिठी खाडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सोसायटीत सरळ रेषेत तीसेक मीटर अंतर असेल. पूल गाठून पलीकडे जायचं तर मात्र चांगला वळसा पडतो. सुरतच्या लिंबायतमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही, पण मोबाइलच्या नकाशाला ते अजून उमगलेलं नाही. पार्सलवाला पलीकडच्या काठावरून फोन करतो, ‘भाऊ, लोकेशनवर आलोय, घर कुठंय?’ घर त्याच्या डोळ्यांसमोर असतं. मधे खाडी.

मी इथल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवतो. पोरं बहुतेक धुळे-जळगाव-नंदुरबारकडची, आईबाप लूमवर नाहीतर साडीच्या कामाला. अक्षांश-रेखांश नुसते फळ्यावर शिकवून डोक्यात शिरेनात, म्हणून जिओकॅशिंग सुरू केलं. एकानं डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे, दुसऱ्यानं तो शोधून आतल्या वहीत नाव लिहायचं. आमचा डबा म्हणजे लोणच्याची रिकामी बरणी, आणि ती ओळखीच्यांच्या ओट्यावर, विचारूनच ठेवतो. 2008 च्या जुलैत सुरतेत ठिकठिकाणी, अगदी झाडांवरसुद्धा, जिवंत बॉम्ब सापडले होते. त्या शहरात बेवारस डब्याचा खेळ कुणी करू नये.

हा खेळ अचूकतेच्या पोटीच जन्मला. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत भरकटायचं. 2000 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला ती भेसळ बंद झाली आणि 3 मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमध्ये पहिला डबा ठेवला. आज साधा फोनही साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो, पण आकाश मोकळं असेल तर. रिंग रोडवरच्या दोन टेक्स्टाइल मार्केटांच्या मधल्या बोळात उभं राहून पाहा. सिग्नल भिंतींवर आपटून लांबच्या वाटेनं येतो, फोन ते अंतर खरं धरतो आणि आपण उभ्या उभ्या शेजारच्या मार्केटात जातो.

आकडा बरोबर असूनही घोळ होतो. उपग्रहाचं छायाचित्रच नकाशावर काही मीटर सरकून बसलेलं असतं. तोच आकडा एका अॅपमध्ये कंपाउंडच्या आत पडतो, दुसऱ्यात रस्त्यावर. पोरं विचारतात, ‘सर, कोणतं खरं?’ बरणी जिथं आहे ते खरं, आणखी काय सांगणार?

लिहिण्याच्या पद्धतीची तऱ्हा आणखी वेगळी. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहितात. सुरतचा म्हणून सर्रास दिला जाणारा बिंदू त्या पद्धतीनं 21 अंश 10.212 मिनिटं उत्तर, 72 अंश 49.866 मिनिटं पूर्व. तोच कुणी 21.10212 आणि 72.49866 असा टाकला, की बरणी तीस-पस्तीस किलोमीटर पश्चिमेला, थेट समुद्रात!

एवढं असूनही या खेळाडूंची एक गोष्ट मला फार आवडते. कोड्याचा डबा असेल तर नकाशावरचं प्रश्नचिन्ह खऱ्या जागेवर नसतं, पण ते तसं नाही हे आधीच ठाऊक असतं. चूक चालते, लपवाछपवी चालत नाही. आपल्या रोजच्या नकाशांचं नेमकं उलटं आहे. फोनमध्ये निळ्या ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ दिसतं ना, ते म्हणजे फोनची कबुली, ‘मी यात कुठंतरी आहे.’ तुम्ही पिन टाकून लोकेशन पाठवलं की ते वर्तुळ गळून पडतं. समोरच्याला मिळतो टोकदार ठिपका आणि दशांशचिन्हापुढे सहा आकडे, म्हणजे अकरा सेंटिमीटरचा आव. माझ्या मते ही सरळ सरळ फसवणूक आहे, आणि 108 ची गाडी त्या ठिपक्याच्या भरवशावर निघते तेव्हा ती महागात पडू शकते.

मे 2025 मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. दहा अक्षरांचा संकेत, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन. कल्पना चांगली आहे. पण आमच्याकडे बारा फुटी घरं भिंतीला भिंत लावून उभी, वर आणखी मजले. पाच मीटर चुकणाऱ्या फोनवर घरात बसून काढलेला संकेत शेजाऱ्याचा निघाला, तर त्यात संकेताचा दोष नाही. त्याला खायला घातलेल्या आकड्याचा आहे. म्हणून संकेत दारात, आकाश दिसेल अशा जागी उभं राहून काढायला सांगा, आणि पुढे दोन गोष्टी नोंदवा: त्या क्षणी वर्तुळ किती मीटरचं होतं आणि तारीख कोणती. आठवीची पोरं बरणीच्या वहीत हे लिहितात, त्यांना अर्धा मिनिटही लागत नाही.