स्टार्चचा डिंक : खळ कुठे, डेक्स्ट्रिन कुठे?

नारळाच्या झावळ्या काळ्या पडल्या की बागायतदार आधी कीटकनाशकाच्या दुकानाकडे वळतो. त्याला तिकडे पाठविणारा पुष्कळदा आपल्यापैकीच कोणी विस्तार कार्यकर्ता असतो. वस्तुतः ती काजळी म्हणजे कीड नव्हे, आणि रूढ अर्थाने रोगही नव्हे. पांढऱ्या माशीने पानावर टाकलेल्या गोड, चिकट स्रावावर कॅप्नोडियमसारख्या बुरशी वाढतात. त्या पानाच्या पेशींत शिरत नाहीत. केवळ पृष्ठभागावर पसरून पानाचा सूर्यप्रकाश अडवितात. जे वरून चिकटलेले आहे ते वरून सोलून काढता येते, आणि त्यासाठी लागणारे द्रव्य स्वयंपाकघरातील खळ हे होय. हा उपाय आपल्या शिफारशींच्या यादीत शेवटी कुठेतरी असतो. तो सर्वांत वर असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रुगोज चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये तमिळनाडूतील पोल्लाची परिसरात नारळावर आढळली आणि पुढे केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश असा प्रवास करीत कोकण व गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. तिच्यामागोमाग तिचा शत्रूही आला. एनकार्सिया ग्वाडेलूपी ही अतिसूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी पांढऱ्या माशीच्या पिलांत अंडी घालते व त्यांचा नाश करते. केरळात तर काजळीच खाऊन पान स्वच्छ करणारा लिओक्रायनस निलगिरियानस हा भुंगेरादेखील आढळला आहे. झावळ्यांवर रासायनिक कीटकनाशकाचा फवारा मारला की हे दोघे आधी बळी पडतात. पांढरी माशी मात्र पानाच्या खालच्या बाजूस मेणाच्या आवरणात बऱ्यापैकी सुरक्षित राहते आणि शत्रू उरला नाही म्हणून पुन्हा जोमाने वाढते. म्हणूनच तमिळनाडू कृषी विद्यापीठाने काजळीसाठी लिटरला २५ ग्रॅम मैद्याची खळ सुचविली आहे, तर कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेने १ टक्का स्टार्चचे द्रावण. दोन्ही शिफारशींमागील तत्त्व एकच आहे.

ते तत्त्व समजून घेतले तर पुढचे पुष्कळ गोंधळ टळतात. स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. पाणी साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की ते फुगतात, फुटतात आणि घट्टसर खळ तयार होते. स्टार्चमधील अमायलोज हा सरळ साखळीचा भाग वाळताना सलग पापुद्रा धरतो. उन्हात हा पापुद्रा आकसतो, तडकतो आणि गळून पडतो. पडताना काजळीही आपल्याबरोबर घेऊन जातो. म्हणजे येथे उपयोग चिकटपणाचा आहे, तसाच आकसून सुटण्याचाही. यावरून तीन गोष्टी ओघाने येतात. खळ नीट शिजलेली हवी. कच्चा मैदा पाण्यात कालवून फवारला तर नोझल तेवढे तुंबते. ती त्याच दिवशी वापरावी, कारण रात्रभर राहिलेली खळ पाणी सोडते व तिचा पापुद्रा नीट धरत नाही. आणि फवारणी कोरड्या, उन्हाच्या दिवसांतच करावी. ढगाळ, दमट हवेत पापुद्रा सुटत नाही, उलट बुरशीला आयते खाद्य मिळते. कोकणात याचा अर्थ पाऊस पूर्ण उघडल्यानंतर, असाच घ्यावा लागेल.

खळीने पांढरी माशी मरत नाही, हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा गुण आहे. मात्र माशीचा स्राव चालूच असेल तर काजळी पुन्हा येणार, हेही तितकेच खरे. त्यामुळे वेळ साधावी लागते. हाताशी साधे भिंग असावे. झावळीच्या पात्याची खालची बाजू पाहावी. पिले काळपट पडली असतील तर त्यांच्यात एनकार्सिया वाढत आहे असे समजावे. रिकाम्या कोषांवर वाटोळे छिद्र दिसले तर त्यातून गांधीलमाशी बाहेर पडलेली आहे. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची चीर दिसली तर तेथून पांढरी माशी उडून गेली आहे. वाटोळी छिद्रे व काळपट पिले मुबलक दिसू लागली, की मग पानाच्या वरच्या बाजूने खळ फवारावी. खालची बाजू शक्यतो भिजवू नये. तेथे आपले मित्र आहेत. एवढे निरीक्षण बागायतदाराला शिकविण्यास अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास कोणत्याही फवारणी-तक्त्यापेक्षा अधिक मोलाचा आहे.

आता डेक्स्ट्रिनकडे वळू. कोरड्या स्टार्चला थोडे आम्ल लावून भाजले की त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि तुकडे नव्या फांद्यांनी जोडले जातात. तयार होणारी पिवळसर पूड थंड पाण्यातही विरघळते. खळ ५ टक्क्यांवरच घट्ट होते, तर डेक्स्ट्रिनचे ३० टक्के द्रावणही सहज वाहते आणि चांगले चिकटते. आम्लाशिवाय, अधिक उष्णतेवर भाजलेल्या गडद प्रकाराला ब्रिटिश गम म्हणतात. डेक्स्ट्रिन हे नाव बिओ व पेर्सो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये दिले. त्याच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळतो, म्हणून. लिफाफ्याच्या कडेवर जिभेने ओलावल्यावर चिकटणारा डिंक पूर्वापार याच जातीचा. आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्या सेलम परिसरातून येतो, तेथील टॅपिओकाचा स्टार्च हा याच घराण्यातील कच्चा माल आहे.

गुण वेगळे म्हणून उपयोगही वेगळे, ही साधी गोष्ट आपल्या व्यवहारात हरवते. काजळी काढण्यासाठी डेक्स्ट्रिन कुचकामी ठरते, कारण त्याचा पापुद्रा दुबळा असतो आणि दवाने पुन्हा ओला होतो. उलट बियाण्यावर रायझोबियम किंवा ट्रायकोडर्मा चिकटवायचे असेल तेव्हा हेच पुन्हा विरघळणे उपकारक असते. जमिनीतील ओल लागताच थर सुटतो आणि सूक्ष्मजीव मोकळे होतात. तमिळनाडूत याच कामासाठी भाताची पेज वापरण्याची शिफारस आहे, आपल्याकडे गुळाचे पाणी वापरतात. दोन्ही चांगली, घरची आहेत. प्रश्न येतो तो मोठ्या प्रमाणावर बीजप्रक्रिया करणाऱ्या शेतकरी गटांचा. गूळ ओलसर राहतो, त्यामुळे बी एकमेकांस चिकटून गोळे होतात. तेथे डेक्स्ट्रिनची पातळ, लवकर वाळणारी झिलई सोयीची पडते.

एक सावधगिरीची सूचना. स्टार्चपासूनच, पण आणखी तोडून, माल्टोडेक्स्ट्रिन तयार होते. युरोपीय संघात ते पीकसंरक्षणासाठी मान्यताप्राप्त आहे. त्याचा दाट थर कीटकांची श्वसनरंध्रे बंद करतो. विष नसल्याने नेहमीच्या अर्थाने प्रतिकारशक्ती निर्माण होण्याची भीती फारच थोडी. परंतु गुदमरविणारा थर शत्रू-मित्र ओळखत नाही. तो मधमाशीवर पडला तर तिलाही तेच भोगावे लागेल. ‘नैसर्गिक’ या शब्दावर भाळून खळ, डेक्स्ट्रिन आणि माल्टोडेक्स्ट्रिन एकाच पंगतीत बसवू नयेत.

बाजारात ‘स्टिकर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर आत नेमके काय आहे, हे बहुधा स्पष्ट लिहिलेले नसते. लेबलावर मूळ द्रव्य, थंड पाण्यातील विद्राव्यता आणि वाळण्याचा काळ या तीन गोष्टी छापणे आवश्यक केले पाहिजे, आणि आपल्या संशोधन केंद्रांनीही शिफारशीत केवळ ‘लिटरला इतके ग्रॅम’ न लिहिता हे गुणधर्म नोंदवावेत. तोपर्यंत एक चाचणी हाताशी ठेवावी. पूड पाण्यात उकळून, गार करून, त्यात औषधाच्या दुकानातील आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळाजांभळा रंग आला तर तो मूळचा स्टार्च आहे, खळीला योग्य. तांबूस-तपकिरी आला तर डेक्स्ट्रिन. आयोडीनचा पिवळेपणा तसाच राहिला, तर साखळ्या फारच तुटलेल्या आहेत किंवा तो गवार अथवा बाभळीसारखा निराळाच डिंक आहे. अशी पूड काजळीवर वापरू नये.