छापील शब्द आणि डोळस वाचक

‘छापून आले आहे ना, मग खरेच असणार!’ असे उद्गार घरोघरी ऐकू येतात. याच्या अगदी उलट बोलणारेही पुष्कळ असतात. ‘वर्तमानपत्रांत काय, वाटेल ते छापतात!’ असे म्हणून ते हातातील अंक बाजूला टाकतात. ही दोन्ही मते परस्परविरोधी दिसतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. सगळे खरे मानणाऱ्याला विचाराचे श्रम पडत नाहीत आणि सगळे खोटे मानणाऱ्यालाही ते पडत नाहीत.

छापील शब्दाविषयी लोकांच्या मनात आदर निर्माण झाला, तो काही उगाच नव्हे. इ. स. १८०५ मध्ये मिरजेस भगवद्गीता छापण्यात आली. शिशाचे खिळे जुळवून नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यांवर एकेक अक्षर उलटे कोरून ती कागदावर उमटविण्यात आली. अशा कामात एक अक्षर चुकले, तर ती चूक प्रत्येक प्रतीत उमटणार! म्हणून छापणाराला प्रत्येक शब्द जपून घ्यावा लागतो. शिवाय, बोललेला शब्द वाऱ्यावर विरून जातो; ‘मी तसे म्हटलेच नव्हते,’ असे बोलणारा सांगू शकतो. छापलेला शब्द मात्र साक्षीदारासारखा कायम उभा राहतो. तथापि, अक्षर ठळक उमटले म्हणजे मजकूर खरा ठरतो, असे मात्र नाही.

गोपाळ गणेश आगरकर यांच्या चरित्रातील एक प्रसंग या दृष्टीने फार बोधप्रद आहे. आगरकरांचा जन्म १८५६ साली सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. १८८१ मध्ये पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादक आगरकर होते व ‘मराठा’चे लोकमान्य टिळक. त्या वेळी कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत आहे, असा बोभाटा झाला होता. त्याचा पुरावा म्हणून काही पत्रे पुढे आली. ती खरी मानून दोन्ही वर्तमानपत्रांनी कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर कडक टीका केली. दिवाणांनी फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट ठरली. तेव्हा टिळक व आगरकर यांनी क्षमा मागितली. तरीही १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

दोघांचा हेतू निर्मळ होता, यात शंका नाही. परंतु निर्मळ हेतूमुळे बनावट पत्र खरे होत नाही. ज्यांच्यावर टीका झाली, त्यांच्या मनाला झालेली जखमही त्यामुळे भरून येत नाही. मात्र आपली चूक त्यांनी लपविली नाही, हे विसरता कामा नये. तुरुंगातून सुटल्यावर लोकांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले. चूक कबूल केल्याने माणूस लहान होत नाही, हेच त्यावरून दिसून येते.

पुढे मतभेद झाले, तेव्हा आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’चे संपादकपद सोडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ हे पत्र काढले. त्यांची मते न रुचलेल्या लोकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. मोठ्या पगाराची नोकरी मिळविणे त्यांच्यासारख्या विद्वानाला कठीण नव्हते; परंतु पोटापुरते मिळवून जे पटते तेच लिहिण्याचा मार्ग त्यांनी आपण होऊन निवडला होता. अशा माणसाचे प्रत्येक मत वाचकाला पटलेच पाहिजे असे नाही. पण ते मत विकत घेतलेले नाही, हा भरवसा त्याला वाटतो.

आज छापखाना प्रत्येकाच्या हातात आला आहे. समजा, कृष्णा-कोयनेला पूर आला आहे आणि ‘धरण फुटले!’ असा संदेश कोणाच्या भ्रमणध्वनीवर आला. तो पाहताच दहा जणांना पाठविणे, हा क्षणाचा खेळ. पण त्या एका ओळीने अंधाऱ्या रात्री किती म्हातारीकोतारी माणसे, किती आया लेकरांना घेऊन घाबरून धावत सुटतील! म्हणून संदेश पुढे धाडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कोण सांगतो? त्याला ते कसे कळले? खोटे ठरल्यास तो स्वतःच्या नावाने चूक कबूल करील काय? उत्तर मिळाले नाही, तर तो संदेश आपल्यापाशीच थांबवावा.

महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव. ४ मे २०१७ रोजी ते ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे लोकांच्या घरांत पुस्तके मांडलेली असतात आणि कोणीही येऊन ती वाचावीत. कोणते पुस्तक उचलावे, याची सक्ती नसते. निवड करण्याचे हे स्वातंत्र्य मोठे मोलाचे आहे. परंतु त्याबरोबर जबाबदारीही येते. वाचलेले तपासून पाहावे, पटले तरच इतरांना सांगावे आणि आपले चुकले, तर ज्यांना सांगितले त्यांच्याकडे स्वतः जाऊन ‘मी चुकलो’ असे म्हणावे. असे वाचक जेथे असतात, तेथे लिहिणाराला खोटे लिहिणे कठीण होते.