भीतीची मुदत पंधरा दिवस

अतिदक्षता विभागातील पहिल्या रात्री बहुतेक धूम्रपान करणारे सिगारेट सोडतात. त्यासाठी कोणी उपदेश करावा लागत नाही. छातीला चिकटवलेल्या तारा, उशाशी टिकटिकणारे यंत्र आणि पडद्यापलीकडून येणारे अनोळखी कण्हणे एवढे पुरेसे असते. वयाच्या साठाव्या वर्षी, निवृत्तीला जेमतेम पाच महिने झाले असताना, मीही त्या रात्री सिगारेट सोडली. मनाशी केलेला निश्चय इतका पक्का होता की त्याबद्दल कोणाशी बोलण्याचीही गरज मला वाटली नाही. एकेचाळिसाव्या दिवशी, एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात, मांडवाबाहेरच्या टपरीवर मी एक सुटी सिगारेट विकत घेतली.

रुग्णालयात माझ्या शेजारच्या खाटेवर मध्य प्रदेशातल्या दमोह जिल्ह्यातील एक गवंडी होते. वय पंचेचाळिशीच्या आसपास. विडी तेराव्या-चौदाव्या वर्षापासून. त्यांची अँजिओप्लास्टी प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून झाली, माझी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या योजनेतून. घरी जाताना दोघांच्याही हाती जो कागद पडला त्यावर सात औषधांची नावे, त्यांच्या वेळा, पुढील तपासणीची तारीख असे सारे नीट छापलेले होते आणि अगदी तळाशी एक ओळ होती: धूम्रपान टाळावे. कसे टाळावे, किती दिवस अवघड जाईल, अडले तर कोणाला विचारावे, याबद्दल एक अक्षर नव्हते. 'साहेब, हे तर बंडलावरही लिहिलेले असते,' गवंडी म्हणाले. मला तेव्हा हसू आले होते.

शासनाने या आजारासाठी काही केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. ज्या औषधलेपित स्टेंटसाठी रुग्णाकडून लाखभर वा त्याहूनही अधिक रुपये घेतले जात, त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, रांची येथून जन आरोग्य योजना सुरू झाली आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी मिळाली. दमोहच्या गवंड्याच्या हृदयात स्टेंट बसावा आणि त्यासाठी त्याला जमीन गहाण टाकावी लागू नये, ही माझ्या सेवाकाळाच्या पूर्वार्धात कल्पनेतही न बसणारी गोष्ट आहे. ही योजना रुग्ण घरी गेल्यानंतरच्या १५ दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासण्यांचा खर्चही उचलते. त्यानंतर फाइल बंद होते.

योगायोग असा की भीतीची मुदतही साधारण तेवढीच असते. स्टेंट बसतो, रक्तप्रवाह मोकळा होतो, छातीतली कळ जाते आणि कळेबरोबर तिने दिलेली साक्षही जाते. उपचार जितका यशस्वी, तितकी भीती लवकर ओसरते. निकोटिनची ओढ मात्र वेगळ्या पंचांगाने चालते. चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, कामात लक्ष न लागणे ही शारीरिक लक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतात आणि तीन-चार आठवड्यांत बरीच शमतात. या काळात रुग्ण घरात असतो, घरचे पहारा देत असतात. खरी परीक्षा त्यानंतरची. शरीराने सोडलेले मनाने धरून ठेवलेले असते: अकराचा चहा, बांधकामावरची विश्रांती, लग्नाचा मांडव. अशी प्रत्येक तल्लफ काही मिनिटांचीच असते, परंतु ती महिनोन्‌महिने येत राहते, आणि ती येते तेव्हा अतिदक्षता विभागातील रात्र आठवत नाही.

त्या तळाच्या ओळीचे मोल काय, हेही पाहिले पाहिजे. हृदयविकारानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे एक तृतीयांशाने घटतो, असा अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाचा निष्कर्ष आहे. कागदावरच्या सात औषधांपैकी कोणाच्याही पंक्तीला बसेल असा हा लाभ आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयींचा ५० वर्षे मागोवा घेणाऱ्या प्रसिद्ध अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रकाशित झाले. त्यानुसार साठीत सिगारेट सोडणाऱ्याच्या पदरात सुमारे ३ वर्षांचे आयुष्य पडते, पन्नाशीत सोडणाऱ्याच्या ६ आणि चाळिशीत सोडणाऱ्याच्या ९ वर्षांचे. म्हणजे आमच्या दोघांत अधिक मिळवण्यासारखे होते ते गवंड्यांचे.

मग हा सातांच्या पंक्तीतला आठवा उपचार केवळ एका उपदेशाच्या ओळीवर का सोडला जातो? त्याचे उत्तर बहुधा असे की सवय सोडणे हा आपण इच्छाशक्तीचा प्रश्न मानतो, उपचाराचा नव्हे. याविषयीचे संशोधन तसे म्हणत नाही. जगभरातील रुग्णालयांत झालेल्या प्रयोगांचा आढावा घेतला असता असे आढळले की खाटेजवळ येऊन केलेल्या समुपदेशनाचा, ते तेथेच थांबले तर, फारसा उपयोग होत नाही. रुग्ण घरी गेल्यावर किमान महिनाभर कोणीतरी त्याच्याशी संपर्क ठेवला, तर मात्र यशस्वी होणाऱ्यांची संख्या स्पष्टपणे वाढते. आपल्याकडचेही उदाहरण आहे. केरळमधील मधुमेही पुरुषांवरील एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणाऱ्या २२४ रुग्णांपैकी निम्म्यांना डॉक्टरांचा सल्ला आणि माहितीपत्रक मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्याखेरीज डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याचे समुपदेशन मिळाले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील १२.५ टक्के रुग्णांनी धूम्रपान सोडलेले होते, दुसऱ्या गटातील ५१.८ टक्के. अभ्यास लहान आहे आणि एवढे अंतर सर्वत्र दिसेल असा दावा मी करणार नाही. त्यासाठी नव्या इमारती लागल्या नाहीत, एवढे मात्र नोंदवण्याजोगे आहे.

माझा दुसरा प्रयत्न टिकला तो अशाच एका संपर्कामुळे, आणि तोही कोणत्याही योजनेचा भाग नव्हता. बाह्यरुग्ण विभागातील एका परिचारिकेने रक्तदाब मोजताना माझ्या सदऱ्याचा वास ओळखला. रागावण्याऐवजी त्या म्हणाल्या, 'सर, आता शपथ घेऊ नका. एक वही घाला.' प्रत्येक तल्लफेची वेळ, जागा आणि सोबत कोण होते, एवढेच लिहायचे. आयुष्यभर नोंदवह्या तपासणाऱ्याला ही भाषा कळली. दहा दिवसांत दिसून आले की माझ्या तल्लफेचे मूळ तीनच जागी आहे: अकराचा चहा, संध्याकाळचे वाचन आणि लांबलेले दूरध्वनी संभाषण. चहाची जागा बदलली, वाचन सकाळी नेले, फोनवर बोलताना अंगणात फिरू लागलो. डॉक्टरांच्या संमतीने निकोटिनचे गम घेतले. पहिल्या खेपेला ते साध्या च्युइंगगमसारखे भराभर चघळून, उचक्या लागल्या म्हणून मी फेकून दिले होते. ते थोडे चावून, झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे असते आणि त्याआधी चहा-कॉफी टाळायची असते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. दर सोमवारी सकाळी त्या परिचारिकेचा फोन येई. संभाषण दोन मिनिटांचे असे. ज्या कामाचा आढावा होत नाही ते काम होत नाही, हे जिल्हा प्रशासनात राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. स्वतःच्या फुप्फुसांनाही तो नियम लागू असावा, हे उशिरा उमगले.

या काळात मनातले कारणही हळूहळू बदलत गेले. मृत्यूच्या भीतीची जागा अभिलेखागाराच्या तीन मजल्यांनी घेतली. पहिल्या महिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबावे लागे, चौथ्या महिन्यात एकदाच थांबलो. असल्या क्षुल्लक लाभांची कोणी आठवण करून दिली तर ते मोठ्या भीतीपेक्षा अधिक काळ साथ देतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक विषयांतर करतो. १६०४ च्या सुमारास असद बेग या मोगल अधिकाऱ्याने विजापूरहून अकबरासाठी तंबाखू आणि रत्नजडित नळी आणली. बादशहाने कुतूहलाने काही झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली आणि अकबराने ते पुढे सोडून दिले. दरबाऱ्यांनी मात्र उचलले. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. इराणात शाह अब्बासनेही तसाच हुकूम काढला होता. त्याच शाहच्या दरबारी गेलेला जहांगीराचा वकील खान आलम याला तंबाखूवाचून क्षणभर चैन पडत नसे आणि शेवटी शाहलाच त्याच्यापुरती सवलत द्यावी लागली. ही हकिकत खुद्द जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नोंदवली आहे. दोन बादशहांचे फर्मान एका व्यसनी वकिलापुढे हरले. हुकूम काढणाऱ्यांच्या परंपरेत पुढे मीही होतो, म्हणून हा प्रसंग मला विशेष आवडतो. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी लागू झाली तेव्हा माझ्या कार्यालयातील टेबलांवरचे ॲशट्रे मी स्वतःच्या सहीने हटवले आणि त्या परिपत्रकाचा मसुदा सुधारताना गच्चीवर जाऊन सिगारेट ओढली.

आज आपल्याकडे फर्मानापलीकडची साधने आहेत, फक्त ती एकमेकांना जोडलेली नाहीत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी २०१६ पासून राष्ट्रीय दूरध्वनी सेवा चालते. १८००-११-२३५६ हा तिचा निःशुल्क क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर छापला जातो. प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. म्हणजे गिऱ्हाईक आहे. परंतु त्याच सर्वेक्षणानुसार सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६८ टक्के लोक ती सुटी विकत घेतात. त्यांच्या हाती पाकीट येतच नाही. त्यावरील ८५ टक्के जागा व्यापणारा इशाराही नाही आणि तो क्रमांकही नाही. मीही त्या मांडवाबाहेर पाकीट पाहिले नव्हते. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. तिची अंमलबजावणी किती होते हे कोणत्याही टपरीवर दोन मिनिटे उभे राहिल्यास समजते.

दुसरी अडचण अशी की पहिला फोन रुग्णानेच करायचा. गवंडी दिवसभराच्या कामानंतर एका अनोळखी क्रमांकावर फोन करून आपली कमजोरी सांगेल, ही अपेक्षा फारच आशावादी आहे. फोनची दिशा उलटी करावी. जन आरोग्य योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रुग्णाची नोंद आणि ओळख तोच पाहतो. हृदयविकार, पक्षाघात, क्षयरोग वा कर्करोगाच्या ज्या रुग्णाला तंबाखूचे व्यसन आहे, त्याच्या संमतीने त्याचा क्रमांक याच वेळी दूरध्वनी सेवेकडे जावा, आणि सहा महिन्यांत ठरावीक दिवशी त्याला फोन यावेत. गावपातळीवर तिशीपुढील व्यक्तींची माहिती भरताना आशा कार्यकर्ती तंबाखूविषयी प्रश्न विचारतेच; त्या उत्तराचे पुढे काय करायचे हेही तिच्या कागदावर असावे. निकोटिनची पर्यायी औषधे २०२२ पासून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. मात्र यादीत असणे वेगळे आणि जिल्हा रुग्णालयाच्या खिडकीवर मिळणे वेगळे. दुकानात विकत घ्यायचे तर दिवसाच्या गमचा खर्च विडीच्या बंडलाहून कितीतरी अधिक पडतो. व्यसन स्वस्त आणि सुटका महाग, असा हा व्यवहार आहे.

व्यक्तीच्या दुर्बलतेचा खर्च करदात्याने का सोसावा, असे काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण करदाता तो आधीच सोसतो आहे. स्टेंटचे पैसे त्याचेच होते, आणि धूम्रपान चालू राहिले तर दुसऱ्या झटक्याचेही त्याच्याच खिशातून जातील. शिवाय या व्यसनात शासन केवळ प्रेक्षक नाही. मध्य प्रदेशात १९६४ पासून तेंदूपानांचा व्यापार शासनाच्या हाती आहे. उन्हाळ्यात पन्नास-पन्नास पानांच्या जुड्यांची मोजणी पाहत मी जंगलातील फडांवर फिरलो आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या वाचकांना ते दृश्य नवे नाही. त्या पानांवर आदिवासी कुटुंबांचा उन्हाळा निघतो आणि विड्या वळणाऱ्या लाखो स्त्रियांची चूल पेटते, म्हणून त्यावर कुऱ्हाड चालवा असे मी म्हणणार नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरवले, तेव्हा विडी ओढणाऱ्याच्या सुटकेसाठीही काही तरतूद त्याच बैठकीत सुचायला हरकत नव्हती.

शेजारच्या खाटेवरचे गवंडी माझ्या एक दिवस आधी घरी गेले. निघताना त्यांनी खिशातले अर्धे बंडल काढून खाटेखालच्या कचरापेटीत टाकले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. माझ्या एकेचाळिसाव्या दिवशी त्यांचा बेचाळिसावा होता. तो त्यांनी कसा काढला, मला कळायला मार्ग नाही. मी त्यांचा क्रमांक घेतला नव्हता. आरोग्यमित्राच्या संगणकात मात्र तो आजही असेल.